घाणा कोणाच्या दारी?

दिवाळी हा जितका दिव्यांचा, तितकाच तेलाचा सण आहे. पहाटे अंगाला तेल, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर तेलाची पणती, आणि त्याआधी चार दिवस स्वयंपाकघरात कढईभर तेल! एरवी तेलाची पिशवी पुरवून पुरवून वापरणारी गृहिणीसुद्धा चकलीचा सोऱ्या हाती आला की हात आखडता घेत नाही. महिनाअखेरीस वाण्याच्या यादीतला तेलाचा आकडा पाहून घरधनी भुवया उंचावतात, 'भाव फारच चढले बुवा' म्हणतात, आणि विषय तिथेच संपतो. हे तेल कोणत्या शेतात पिकले, ते कोणी गाळले, आणि पिकवणाऱ्याच्या पदरात त्यातले काय पडले, हे विचारण्याची आपल्याकडे चाल नाही.

या दिवाळीत ते विचारून पाहू.

२०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने रेशनकार्डावर शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' देण्याचे ठरवले. त्यात रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो होती, आणि तेल एक लिटर. ते तेल होते पामतेल. वर्धा जिल्ह्यातली खेडीही या योजनेत होती. आता मौज अशी की, दिवाळीच्या तोंडावरच या खेड्यांतून सोयाबीनची पोती हिंगणघाटच्या बाजार समितीकडे निघालेली असतात. सोयाबीनमध्येही तेल असतेच. म्हणजे तेलाचे बी गावातून बाहेर गेले, आणि सातासमुद्रापलीकडचे तेल रेशनच्या दुकानातून गावात आले!

ही एका खेड्याची गोष्ट नव्हे. २०२३-२४ च्या तेलवर्षात भारताने सुमारे १६० लाख टन खाद्यतेल परदेशातून आणले. त्यातले सुमारे ९० लाख टन पामतेल होते, तेही मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांचे. आपण ते नावाने क्वचितच ओळखतो. ते हॉटेलच्या कढईत असते, बिस्किटात असते, फरसाणात असते आणि अंगाच्या साबणातही असते.

साहजिकच कोणीही म्हणेल की, हे तेल आपल्याच लहान शेतकऱ्याने का पिकवू नये? केंद्र सरकारलाही तसेच वाटले. ऑगस्ट २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांची एक राष्ट्रीय योजना मंजूर झाली. पामतेलाच्या झाडांची लागवड दहा लाख हेक्टरांपर्यंत न्यावी, हे तिचे उद्दिष्ट. प्रश्न चांगला आहे. पण तो नुसता रोपांचा आणि अनुदानाचा प्रश्न नाही. तेल आणि लहान शेतकरी या जोडीचा विचार आपल्याकडे ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी एका जागी फार बारकाईने झालेला आहे. ती जागा म्हणजे वर्धा. म्हणून पामतेलाकडे जाण्याआधी आपण जरा वर्ध्याला जाऊन येऊ.

मगनवाडीतला तपास

१९३४ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात खेड्यांतले उद्योग जगवण्यासाठी एक स्वतंत्र संस्था काढावी असे ठरले, आणि त्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी आपला बगीचा आणि घर दिले. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी नाव पडले. संघाचे अध्यक्ष होते श्रीकृष्णदास जाजू, आणि चिटणीस जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. कुमारप्पा मूळचे तंजावरचे. लंडनला हिशेबतपासनिसाची परीक्षा दिलेला आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा गृहस्थ वर्ध्यात येऊन गूळ, कागद, मध आणि तेल यांचे हिशेब मांडत बसला! गांधीजीही सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जाण्यापूर्वी वर्षभराहून अधिक काळ मगनवाडीतच राहत होते.

तेलाचे काम झवेरभाई पटेल यांच्याकडे आले. त्यांनी लाकडी घाण्याची रचना सुधारली. त्यांचा घाणा 'वर्धा घाणी' किंवा 'मगनवाडी घाणी' या नावाने देशभर गेला. पण झवेरभाईंचे खरे मोठे काम मला वेगळेच वाटते. गावोगावचे घाणे बंद का पडतात, याचा त्यांनी शोध घेतला. सर्वसाधारण समजूत अशी होती, आणि आजही आहे, की यंत्र आले आणि घाणा हरला. ही समजूत अगदीच खोटी नाही. लाकडी घाण्याच्या ढेपेत शंभरास दहा-बारा भाग तेल राहून जाते. यांत्रिक एक्सपेलरच्या ढेपेत सहा-सात. आणि द्रावक वापरून तेल काढणाऱ्या कारखान्याच्या ढेपेत जेमतेम एक. पण झवेरभाईंना घाणा मरण्याचे मुख्य कारण दुसरेच सापडले. गांधीजींनी १९३९ साली 'हरिजन'मध्ये त्याचा गोषवारा दिला आहे. ते कारण असे की, तेल्याला वर्षभर बी मिळत नाही. हंगाम संपतो न संपतो तोच गावातले सारे बी बाहेर निघून जाते. साठा करून ठेवायला तेल्याजवळ भांडवल नसते, आणि शहरातून परत विकत आणायला तर नसतेच नसते. घाणा धडधाकट, बैल उभा, तेलीही कसबी. पण घाण्यात घालायला बी नाही! त्यावर उपायही त्याच तपासातून निघाला. गावातच बी साठवावे, आणि ग्रामपंचायतीने किंवा सहकारी सोसायटीने ते तेल्याला रास्त दराने द्यावे.

दुखणे यंत्रात कमी आणि शेत व घाणा यांच्यामधल्या अंतरात जास्त होते. हे अंतर कोसांत मोजायचे नाही. ते महिन्यांत आणि रुपयांत मोजायचे. ज्याच्याजवळ थांबण्याइतके पैसे, त्याच्या दारी घाणा.

मराठी भाषेत हा घाणा अजून चालू आहे. आपण घाण्याला जुंपतो, घाण्याच्या बैलासारखे फिरतो, डोळ्यांत तेल घालून जागतो, आणि तेलही गेले, तूपही गेले म्हणून हळहळतो. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून ज्यांचा मान, ते चाकणचे संताजी जगनाडे तेल्याचाच व्यवसाय करीत. भाषेत आणि परंपरेत असा मुरलेला हा उद्योग गावात मात्र शोधावा लागतो. विदर्भ म्हणजे जवसाचा मुलूख. तिथे जवसाचे तेल जेवणात असे, आणि राहिलेली ढेप गोठ्यात जाई. पुढे १९८० नंतर सोयाबीन आले आणि पसरले. सोयाबीनमध्ये तेल शंभरास अठरा भागांच्या आसपास. ते लाकडी घाण्यावर काढणे परवडत नाही. त्याला द्रावकाचा मोठा कारखानाच लागतो. म्हणजे पीक बदलले तेव्हाच गावातल्या घाण्याचा निकाल लागला होता. कोणी त्याची नोंद घेतली नाही, इतकेच.

न थांबणारे फळ

आता पामतेलाकडे वळू. पाम म्हटले की वर्धेकराच्या डोळ्यांपुढे शिंदीचे झाड येते. याच ग्रामोद्योगाच्या चळवळीत गजानन नाईक यांनी ताड-शिंदीच्या नीरेपासून गूळ करण्याचे काम वाढवले होते. पण पामतेल ना शिंदीचे, ना ताडाचे, ना नारळाचे. ते पश्चिम आफ्रिकेतल्या एका निराळ्या झाडाचे. आपल्याकडे त्याला तेलमाड म्हणतात. १८४८ साली त्याची चार रोपे जावा बेटावरच्या बोगोरच्या वनस्पती-उद्यानात लावली गेली. आग्नेय आशियातल्या अफाट लागवडीची सुरुवात या चार रोपांपासून सांगतात.

तेलमाडाचे गुण मोठे आहेत. चांगली निगा राखली तर हेक्टरी चार टनांच्या आसपास तेल निघते. आपले कोरडवाहू सोयाबीन हेक्टरी दहा-बारा क्विंटल पिकले, तर त्यातून तेल निघणार दोनशे किलोच्या आगेमागे. एवढा फरक पाहिल्यावर कोणाचेही डोळे दिपतील. पण या माडाची एक खोड आहे आणि लहान शेतकऱ्याचे सारे भवितव्य तिच्यात आहे. त्याचे फळ थांबत नाही. घड तोडला, फळाला मार लागला, की फळातलेच एक द्रव्य आतले तेल बिघडवू लागते. म्हणून तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत घड कारखान्यात पोचला पाहिजे. जवस, तीळ, भुईमूग कणगीत भरून ठेवता येतात. भाव नसेल तर शेतकरी, निदान तत्त्वतः, महिनाभर थांबू शकतो. तेलमाडवाल्याला ही चैन नाही. जवळ कारखाना नसेल तर त्याचे फळ म्हणजे नुसते ओझे. आणि एकच कारखाना असेल तर त्याचा शब्द हाच भाव.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल, कारण ऊसही असाच नाशिवंत. तोडला की गाळपाला गेलाच पाहिजे, नाहीतर वजन आणि साखर दोन्ही उतरतात. यावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी काय केले, हे सर्वश्रुत आहे. शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून कारखानाच आपल्या मालकीचा केला. पुढे सहकारात राजकारण शिरले, उसाने पाणी पिऊन टाकले, हे सगळे खरे. तरी पीक थांबत नसेल तर गाळणाऱ्या यंत्रावर पिकवणाऱ्याचा हात हवा, हे मूळ सूत्र चुकीचे ठरलेले नाही.

मलेशियाने हाच प्रश्न सरकारी मार्गाने सोडवला. १९५६ साली तिथे भूमिहीनांना जमिनीवर बसवणारी 'फेल्डा' ही संस्था निघाली. एका कुटुंबाला साधारण दहा एकरांचा तुकडा, राहायला घर, आणि जवळच गाळपाचा कारखाना अशी तिची घडण होती. जमिनीचा तुकडा आणि कारखाना यांचा विचार एकदम झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

गोदावरीकाठचा अनुभव

आपल्या देशात हा माड पाहायचा तर वर्धा नदीच्या पाण्याबरोबर खाली जावे. वर्धा वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते, आणि गोदावरी तेलंगणातून आंध्रात उतरते. तिथे एलुरूच्या आसपास तेलमाडाच्या बागा उभ्या आहेत. जवळच्या पेदवेगीला १९९५ पासून या एकाच झाडावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. आंध्राने १९९३ सालीच कायदा करून प्रत्येक कारखान्याला इलाखा नेमून दिला. त्या इलाख्यातले फळ त्या कारखान्याने घ्यायचे आणि शेतकऱ्याने त्यालाच द्यायचे. यामुळे फळ पडून राहण्याची भीती गेली. पण शेतकऱ्याला दुसरे दारही उरले नाही.

मग भांडण आले ते उताऱ्यावर. साखरेच्या उताऱ्यासारखाच इथे तेलाचा उतारा असतो. शंभर किलो घडांतून सतरा किलो तेल निघाले की एकोणीस, यावर घडाचा भाव ठरतो. सीमेपलीकडे तेलंगणात उतारा जास्त धरला जातो, मग आमचाच कमी का, हा प्रश्न आंध्रातल्या शेतकऱ्यांनी अनेक वर्षे लावून धरला. दोन टक्क्यांचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण एक टन घडांमागे तो वीस किलो तेलाचा आहे. उतारा मोजणारा कारखान्याचा माणूस असतो, आणि शेतकरी फाटकाबाहेर उभा असतो. झवेरभाईंच्या तेल्याला बी मिळत नव्हते. इथल्या शेतकऱ्याला हिशेब मिळत नाही. दोघांचीही अडचण शेत आणि घाणा यांच्यामधल्या त्याच जागेत आहे.

२०२१ च्या योजनेने ही जागा थोडी भरून काढली आहे. घडाचा भाव कच्च्या पामतेलाच्या पाच वर्षांच्या सरासरी भावाच्या, महागाईचा हिशेब धरून, १४.३ टक्के ठरवला आहे. बाजारात त्याहून कमी मिळाले तर तूट शेतकऱ्याच्या खात्यात जमा व्हावी, अशी तरतूद आहे. लागवडीचे अर्थसाहाय्यही हेक्टरी १२,००० वरून २९,००० रुपयांवर नेले. हे योग्यच झाले. कारण तेलमाड लावल्यावर पहिली तीन-चार वर्षे पीक नसते, आणि दोन-तीन एकरांचा धनी एवढी वर्षे वाऱ्यावर जगत नाही. आंध्रात माडांच्या सावलीत कोको लावतात, त्याचाही आधार होतो.

पाण्याचा हिशेब मात्र कोणत्याही अनुदानाने चुकत नाही. हेक्टरी १४३ झाडे, आणि उन्हाळ्यात एका झाडाला रोज दोनशे-अडीचशे लिटर पाणी. म्हणजे हेक्टरी रोज तीस-पस्तीस हजार लिटर झाले! मुळात हे झाड विषुववृत्ताजवळच्या बारमाही पावसाचे. वर्ध्याला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो खरा, पण बहुतेक सगळा चार महिन्यांत. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा विहिरींचे तळ दिसू लागतात. तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्याला तेलमाड लावण्याचा सल्ला देणे म्हणजे त्याच्या विहिरीशी वैर धरण्यासारखे आहे.

जगभर आता 'शाश्वत पामतेला'ची भाषा चालते. सुमात्रा आणि बोर्निओतली जंगले या माडासाठी तोडली गेली, तेव्हा २००४ साली उत्पादक, व्यापारी आणि निसर्गरक्षक यांनी मिळून एक गोलमेज संस्था काढली. जंगल तोडून लावलेल्या बागेचे तेल शाश्वत म्हणायचे नाही, असे नियम तिने केले. पण इंडोनेशियातल्या तेलमाडाखालच्या जमिनीपैकी सुमारे चाळीस टक्के लहान शेतकऱ्यांकडे आहे. त्यांच्याजवळ ना जमिनीचे नीट कागद, ना नकाशे, ना तपासनिसाची फी भरायला पैसे. प्रमाणपत्र मळेवाल्याला सहज मिळे, आणि लहान माणूस 'अशाश्वत' ठरे! अखेर २०१९ मध्ये त्यांच्यासाठी, गटाने मिळून पायरीपायरीने पाळता येईल अशी वेगळी नियमावली करावी लागली. इथे कुमारप्पांची आठवण होते. त्यांनी जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेले, टिकाऊ अर्थव्यवस्थेवरचे पुस्तक १९४५ साली निघाले. निसर्गाला ओरबाडून केलेली कमाई टिकत नाही, तशीच शेजाऱ्याला ओरबाडून केलेलीही टिकत नाही, असा त्यांच्या सगळ्या मांडणीचा रोख होता. झाडे वाचली आणि माड लावणारा बुडाला, तर त्या तेलाला शाश्वत म्हणणे कठीण आहे.

पुन्हा वर्ध्याकडे

मग वर्ध्याच्या शेतकऱ्याने काय करावे? त्याने तेलमाड लावू नये, हे झाले. पण झवेरभाईंनी १९३९ साली दाखवलेली पोकळी त्याच्या दारात आजही आहे. सोयाबीन ऑक्टोबरात निघते. त्याच वेळी दिवाळी, मजुरी, दुकानदाराची उधारी आणि कर्जाचा हप्ता हे सगळे समोर उभे असते. सगळे एकदमच विकायला येतात, आणि भाव पडतो. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता. त्या हंगामात बाजारातले भाव बराच काळ त्याच्या खालीच राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयातशुल्क शून्यावरून वीस टक्के झाले, आणि मे २०२५ मध्ये ते पुन्हा दहावर आले. पहिल्या वेळी शहरातल्या गृहिणींनी नाक मुरडले, दुसऱ्या वेळी शेतकऱ्याने कपाळावर हात मारला. एकाच आकड्याला दोन घरे टांगलेली आहेत, आणि त्यातले एक घर आपले आहे.

थांबण्याचे बळ देणारी एक व्यवस्था मात्र आपल्या राज्यात आहे आणि ती फारच थोड्या शहरी लोकांना ठाऊक आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. शेतकऱ्याने माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा. त्याला मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी मिळते. सोयाबीनही त्यात बसते. दिवाळी साजरी होते, उधारी फिटते, आणि माल आपलाच राहतो. भाव चढला की विकावा. झवेरभाईंनी तेल्यासाठी जे मागितले होते, त्याचेच हे शेतकऱ्याच्या अंगाने झालेले रूप आहे. जिथे गोदाम जवळ आहे आणि समितीचा कारभार चोख आहे, तिथे ती उपयोगी पडते. जिथे गोदाम दूर, तिथे पोती व्यापाऱ्याच्या काट्यावर जातात.

शहरांतून हल्ली लाकडी घाण्याच्या तेलाची दुकाने निघाली आहेत. एके काळी गरिबाच्या घरचे तेल आता काचेच्या बाटलीत, दुपटी-तिपटीच्या दराने, आरोग्याच्या नावाने विकले जाते. त्यात हसण्यासारखे थोडे आहे, तसे चांगलेही आहे. या तेलाचे बी जर वर्ध्या-यवतमाळच्या जवस-तिळाचे असेल, आणि दुकानदार ते हंगामाबाहेरही शेतकऱ्यांच्या गटाकडून रास्त भावाने घेत असेल, तर ते दोन पैसे जास्त देणे सार्थकी लागेल. तसे नसेल तर आपण केवळ लाकडाचे पैसे मोजले. दुकानात एवढे विचारायला हरकत नसावी. लाकडी घाण्यावर सगळा देश पोसला जाणार नाही, हे उघड आहे. पामतेल येत राहील, आणि आंध्र-तेलंगणातला लहान शेतकरी ते पिकवीत राहील. तो नीट जगावा यासाठी काय लागते, ते आता सांगता येते. चोवीस तासांत गाठता येईल असा कारखाना, फाटकाच्या आत उभे राहून पाहता येईल असा उताऱ्याचा काटा, पहिली तीन-चार वर्षे निभावण्याइतका आधार, आणि जमिनीत पाणी किती आहे याचा खरा हिशेब.

रोपे वाटणे सोपे असते. त्याचे छायाचित्रही चांगले येते. अवघड असते ते शेतापासून घाण्यापर्यंतच्या वाटेवर शेतकऱ्याला एकटे न सोडणे. मगनवाडीतल्या मंडळींनी ते ओळखले होते. घाणा गावात असो की चाळीस मैलांवर, लाकडाचा असो की पोलादाचा, त्याच्या दारात पिकवणारा भाव विचारायला आला पाहिजे, भाव ऐकून घ्यायला नव्हे.